नांगरटीचं गाणं आणि पियानो

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मागच्या खेपेला आपण बियाण्याच्या इतिहासावर बोललो. आज गाण्याच्या इतिहासावर बोलायचं आहे, आणि तेही पार दूरच्या एका देशातल्या. देशाचं नाव आर्मेनिया. नकाशात तुर्कस्तान आणि इराण शोधलेत तर त्यांच्या वरच्या अंगाला, डोंगरात दडलेला हा चिमुकला देश सापडेल. आपल्या महाराष्ट्राचे दहा भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. माणसं तीस लाखांच्या आसपास. समुद्र नाही. उन्हाळा कडक, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. जर्दाळूची, डाळिंबाची, द्राक्षांची बाग आणि गव्हाचं शेत, असा तिथला शेतकरी.

तुम्ही म्हणाल, ताई, इतक्या लांबचं गाणं आम्हाला कशाला? तर त्याचं कारण सांगते. गेल्या वर्षी आपल्या केंद्रासाठी जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायच्या होत्या. माझ्या सासूबाईंना शेकड्यांनी ओव्या येतात, म्हणून मी मायक्रोफोन घेऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, म्हणा. त्यांना एक ओवी आठवेना. दुसरी अर्ध्यावर तुटली. मग चिडूनच म्हणाल्या, "अगं हाताला खुंटा नाही, ओवी येईल कुठनं?" माळवदावर पडलेलं जातं खाली आणलं, पुसलं, मूठभर ज्वारी घातली. खुंट्याला हात लागला आणि ओव्या अशा सुरू झाल्या की माझ्या यंत्राची जागा संपली.

हीच गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी आर्मेनियातल्या एका धर्मगुरूंनी लिहून ठेवली आहे. खळ्यावरचं गाणं शेतकरी घरी बसून म्हणत नाही, कारण त्याची जागा खळं आहे. हे वाचलं आणि मी खुर्चीत सरसावून बसले. त्या धर्मगुरूंचं नाव कोमितास. आणि त्यांच्या कागदांवरची गाणी आज पियानोवर वाजवून जगभर ऐकवणारा एक तरुण आहे, त्याचं नाव तिग्रान हमास्यान. आजची गोष्ट या दोघांची. दोघांच्या मध्ये शंभर वर्षं आहेत आणि एक फार मोठा घाव आहे.

आधी कोमितास. त्यांचं जन्माचं नाव सोघोमोन. १८६९ साली आजच्या तुर्कस्तानातल्या कुताह्या गावी एका गरीब आर्मेनियन घरात जन्म. वडील चांभारकाम करायचे, आई गालिचे विणायची. नवराबायको दोघंही गळ्याने गोड, आणि स्वतःची गाणी रचणारी. गंमत अशी की त्या भागात आर्मेनियन माणसांची बोलीसुद्धा तुर्की झाली होती, त्यामुळे आईबापांनी गाणी रचली ती तुर्कीत. मूल वर्षाचंही झालं नसेल तेव्हा आई गेली. ती स्वतः अजून विशीच्या आतली होती. आजीने वाढवलं. अकराव्या वर्षाच्या आसपास वडीलही गेले. पोर उघड्यावर पडलं.

१८८१ मध्ये आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठाला, एचमियाझिनला, एका गोड गळ्याच्या अनाथ मुलाला शिकायला घेऊन जायचं होतं. वीस मुलांतून या सोघोमोनची निवड झाली. तिथले सर्वोच्च धर्मगुरू त्याच्याशी आर्मेनियनमध्ये बोलले, तर याला एक अक्षर कळेना. पण स्तोत्र त्याला पाठ होतं. त्याने ते म्हटलं, शब्दांचा अर्थ न कळता म्हटलं, आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पोराला ठेवून घेतलं. पुढे दीक्षा घेतल्यावर त्याचं नाव कोमितास झालं.

आता माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट. शिक्षण संपल्यावर, १८९३ साली, हे कोमितास आपल्या जन्मगावी परत गेले. घर उरलेलं नव्हतं. पण गावातली म्हातारी माणसं त्यांच्या आईबापांनी रचलेली गाणी अजून म्हणत होती. कोमितासांनी ती बसून ऐकली आणि उतरवून घेतली. ज्या आईचा चेहरासुद्धा त्यांना आठवत नव्हता, तिचं गाणं त्यांना शेजारणी-पाजारणींच्या तोंडून मिळालं. पुढं हजारो गाणी गोळा केलेल्या माणसाच्या सुरुवातीच्या कागदांमध्ये एका गालिचे विणणाऱ्या बाईची गाणी आहेत, हे विसरू नका.

मग ते हिंडायला लागले. गावोगाव. कापणी, मळणी, लग्न, जत्रा, मयत, जिथं गाणं निघतं तिथं हा काळ्या झग्यातला माणूस हजर. आर्मेनियन लोकांकडे सूर लिहायची स्वतःची एक झटपट लिपी होती, इस्तंबूलच्या एका संगीतकाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलेली. ती येत असल्यामुळे गाणारी गात असतानाच कोमितासांचा हात चालायचा. टेपरेकॉर्डर कुठला त्या काळी!

हारिच नावाच्या गावी जत्रेत मुलींचा फेर चालला होता, तिथं गाणं कसं जन्माला येतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहिलं. एक मुलगी एक ओळ टाकते. दुसरी ती उचलते, थोडी वळवते. पसंत पडली तर फेर ती धरतो, नाही पडली तर तिथंच गळून जाते. रात्र सरेपर्यंत एक नवं गाणं तयार होतं आणि ते कुणा एकीचं नसतं. भोंडल्याला, झिम्मा-फुगडीला खेळणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवायला नको.

लोरी भागातल्या वार्दाब्लूर गावच्या नांगरटीच्या गाण्यावर तर त्यांनी एक मोठा लेखच लिहिला. तिथला जुना नांगर अवजड, त्याला बैलांच्या आणि रेड्यांच्या पुष्कळ जोड्या जुंपायच्या. जूवर पोरं बसवायची. पहाटेच्या अंधारात काम सुरू, पोरांना डुलकी लागू नये म्हणून गाणं. नांगऱ्या हाळी देतो, पोरं ओ देतात, मध्येच बैलाला हाक, मध्येच देवाचं नाव, मध्येच पुटपुट. आपल्याकडे भलरी जशी शेताच्या ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते तसंच. कोमितासांनी यातली हाकसुद्धा गाळली नाही, कारण त्यांच्या मते ती हाक म्हणजेच गाणं.

१८९६ ते १८९९ ही वर्षं ते बर्लिनला शिकले. परत येऊन त्यांनी गावची एकपदरी गाणी घेतली आणि चार आवाजांच्या गायकवृंदासाठी, पियानोच्या साथीसाठी मांडली. १९०६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला, मार्गारित बाबायान या गायिकेने त्यात गाणी म्हटली आणि तिथल्या मोठमोठ्या संगीतकारांनी कान टवकारले. घरी मात्र काही धर्मगुरूंची कुरकुर. देवाच्या माणसानं शेतकऱ्यांची प्रेमगाणी गोळा करत हिंडायचं आणि ती व्यासपीठावर म्हणवून घ्यायची म्हणजे काय? शेवटी १९१० मध्ये ते इस्तंबूलला गेले आणि तिथं तीनशे माणसांचा गायकवृंद उभा केला.

मग १९१५ उजाडलं.

तुर्कस्तानात तेव्हा ओटोमन साम्राज्य होतं आणि पहिलं महायुद्ध चालू होतं. २४ एप्रिलच्या रात्री इस्तंबूलमधल्या दोनशेहून जास्त आर्मेनियन लेखकांना, शिक्षकांना, वकिलांना, डॉक्टरांना घरातून उचललं. त्यात कोमितास होते. त्यांना आत, चांकिरी गावी पाठवलं. बहुतेक सगळे पुढे मारले गेले. कोमितास आणि आणखी काही जण वरच्या पातळीवर कुणीतरी शब्द टाकल्यामुळे थोड्या दिवसांत परत आले. पण त्यांच्यामागे जे घडत होतं ते थांबलं नाही. गावंच्या गावं रिकामी केली. पुरुषांना बाजूला काढून मारलं, बायका-पोरांना सिरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकललं. भूक, तहान, रोग, अत्याचार. दहा ते पंधरा लाख माणसं गेली असं इतिहासकार सांगतात. जगातले बहुतेक अभ्यासक याला वंशसंहार म्हणतात, तुर्कस्तानचं सरकार आजही तो शब्द मान्य करत नाही.

आता विचार करा. गाव गेलं म्हणजे काय काय गेलं? घरं गेली, विहिरी गेल्या, हे आपल्या लगेच लक्षात येतं. पण त्या गावात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या हाताला मेंदी लावताना म्हणायचं गाणं होतं. ते म्हणणाऱ्या सगळ्या बाया गेल्या म्हणजे ते गाणंही गेलं. कुठल्या कचेरीत त्याची नोंद नव्हती.

कोमितासांचं मन या आघातातून उठलं नाही. १९१६ पासून ते रुग्णालयात. १९१९ मध्ये त्यांना पॅरिसला नेलं. जवळजवळ वीस वर्षं वेड्यांच्या इस्पितळात काढून १९३५ मध्ये ते तिथंच वारले. त्या सगळ्या काळात त्यांनी एकही गाणं रचलं नाही. त्यांचे कागद इकडेतिकडे विखुरले. तीन हजारांहून जास्त गाणी त्यांनी उतरवली होती असं म्हणतात, त्यातली बाराशेच्या घरात उरली. पण ज्या गावांचं नामोनिशाण पुसलं त्यांची गाणी कोमितासांच्या वह्यांत होती, म्हणून तेवढी तरी आहेत.

इथं एका बाईचं नाव घेतलंच पाहिजे, कारण इतिहासात अशा बायका नेहमी तळटीपेत जातात. व्हेर्झिने स्वाझल्यान. १९५५ पासून, तरुण मुलगी असल्यापासून, ती त्या संहारातून वाचलेल्या म्हाताऱ्यांच्या दारोदार गेली. सोव्हिएत राजवट होती, या विषयावर उघड बोलणं धोक्याचं होतं, कुणी सांगितलेलं नव्हतं, पैसा नव्हता. पायी हिंडून तिने आठवणी लिहून घेतल्या, आणि आठवणींबरोबर गाणी. वाळवंटाच्या वाटेवर बायकांनी केलेली गाणी. त्यातली पुष्कळ तुर्की भाषेत, कारण तेवढीच भाषा त्यांना येत होती. तिने सातशे माणसांच्या साक्षी छापून ठेवल्या आहेत. आपल्याकडे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या कामाची ही सख्खी बहीण म्हणा ना.

आता तिग्रानकडे येऊ. त्यासाठी एका गावात जायला लागेल. गाव कसलं, आर्मेनियातलं दुसऱ्या नंबरचं शहर, ग्युम्री. या शहरानं नावं तरी किती बदलली. रशियन झारच्या काळी अलेक्सांद्रापोल, सोव्हिएत काळी लेनिनाकान, आणि आता परत ग्युम्री. १९१५ नंतर वाळवंटातून, डोंगरातून जी पोरकी पोरं सापडली, त्यातली वीस हजारांहून जास्त एकट्या या शहरात अमेरिकन मदत संस्थेनं सांभाळली. अनाथांचं शहरच म्हणायचे त्याला. त्या पोरांना अंगाई कुणी म्हटली असेल, कुठल्या गावची म्हटली असेल, मला नेहमी वाटतं.

तिग्रानचा जन्म इथला, १७ जुलै १९८७ चा. तो दीड वर्षाचा व्हायच्या आत, ७ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांनी भूकंप झाला. मुलं शाळेत, बाया कारखान्यात. पंचवीस हजारांच्या आसपास माणसं मेली, पाच लाखांवर बेघर झाली. आपल्यातल्या ज्यांनी १९९३ ची किल्लारी पाहिली आहे त्यांना मी काय वेगळं सांगू. किल्लारीत पत्र्याच्या शेडमध्ये माणसं राहिली, तशी ग्युम्रीत माणसं लोखंडी खोक्यांसारख्या घरांत राहिली, काही तर पंचवीस-तीस वर्षं. वर सोव्हिएत संघ कोसळला, युद्ध झालं, वीज नाही, कोळसा नाही. अशा गावात हा पोरगा तीन वर्षांचा असताना घरातल्या पियानोवर बोटं आपटायला लागला.

घरात गाणं होतं, पण ते आर्मेनियन गाणं नव्हतं. वडिलांना इंग्रजी रॉक संगीताचं वेड. घरच्याच एका मोठ्या माणसाला जॅझचं वेड. त्यामुळे पोरगा गाणं म्हणजे हेच समजत वाढला. शाळेत पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण, घरी जॅझ. दहाव्या वर्षी कुटुंब राजधानी येरेवानला आलं.

जॅझ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. आफ्रिकेतून गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या काळ्या माणसांच्या लेकरांनी, न्यू ऑर्लिन्स शहराच्या आसपास, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे संगीत घडवलं. त्याच्या मुळाशी कापसाच्या शेतातली कामाची गाणी आहेत. एकाने हाळी द्यायची, बाकीच्यांनी झेलायची. वाजवता वाजवता तिथल्या तिथं नवं सुचवायचं, हा त्याचा जीव. आणि तुम्ही जॅझ ऐकलंच नाही असं समजू नका हं. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक हिंदी सिनेमात आले. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त जी धमाल उडवली, त्यात चिक चॉकलेट नावाच्या गोवेकर वादकाची मोठी साथ होती. लग्नाच्या बँडवर त्या गाण्यांवर आपण नाचलेलो आहोत.

तर, तिग्रान. तेरा-चौदाव्या वर्षी त्याच्या कानात आर्मेनियन लोकगीतं शिरली आणि बसली. कोमितासांच्या वह्यांतली, जुन्या गायकांच्या ध्वनिमुद्रिकांतली. आपल्या मुलांना नाही का, बाहेरचं सगळं तोंडपाठ असतं आणि आजीच्या तोंडचं एकदम कधीतरी परकं असल्यासारखं नव्याने ऐकू येतं, तसं. २००३ मध्ये तो सोळा वर्षांचा असताना घरची मंडळी अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेली. २००६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तिथली जॅझ पियानोची सगळ्यात मानाची थेलोनियस मंक स्पर्धा त्याने जिंकली. आता याला पुढची वाट मोकळी होती. अमेरिकन जॅझ वाजवावं, नाव कमवावं. पण तो जेवढा पुढे गेला तेवढा गावाच्या गाण्याकडे वळला, आणि पुढे आर्मेनियात राहायलाही परत गेला.

यात अडचण काय होती ते पेटी वाजवणाऱ्या भजनी मंडळातल्या मैत्रिणींना लगेच कळेल. पियानो म्हणजे पेटीसारखाच, सूर ठरलेले. काळी पट्टी, पांढरी पट्टी, मधलं काही नाही. गावची बाई गाताना एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, सूर हलवते, त्याला आपण मींड म्हणतो, ती पट्टीवर कुठून आणायची? आर्मेनियात जर्दाळूच्या लाकडाचं दुदुक नावाचं वाद्य आहे, आपल्या सनईच्या गोतातलं, पण आवाज खोल, रडून दमलेल्या माणसासारखा. सनईवाल्याच्या शेजारी जसा एक जण नुसता सूर धरून बसतो, तसा दुदुकलाही एक सूर धरणारा लागतो. तिग्रानने काय केलं, पियानोच्या डाव्या बाजूला तो धरलेला सूर ठेवला, पुन्हा पुन्हा तोच. उजव्या हातानं मुख्य सुराच्या अंगाला बारीक बारीक सूर इतक्या झटक्यात लावले की कानाला घसरल्याचा भास व्हावा. आणि जिथं पट्टीनं हात टेकले तिथं तो सरळ स्वतःच गातो. पियानोवर ओणवा होऊन, डोळे मिटून, शब्द नसलेलं गुणगुणणं.

दुसरी गोष्ट ठेक्याची. आपला भजनी ठेका आठ मात्रांचा, कुणालाही टाळी धरता येते. रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा, तिथं जरा लक्ष द्यावं लागतं. तिग्रानचं काम पाच, सात, नऊ असल्या विषम हिशोबात चालतं, आणि पुष्कळदा डावा हात एका हिशोबात तर उजवा दुसऱ्या. उखळात दोघी कांडायला उभ्या राहिल्या, एकीचं मुसळ आपल्या गतीनं, दुसरीचं आपल्या, आणि तरी एकदाही टक्कर नाही, तसं काहीतरी. आर्मेनियाच्या फेराच्या नाचात असे विषम ठेके मुळातच आहेत, तो ते ताणत नेतो.

हे सगळंच मला आवडतं असं नाही. २०१५ ची त्याची 'मॉकरूट' नावाची तबकडी पहिल्यांदा लावली तेव्हा मधल्या एका तुकड्याला मला वाटलं, अंगणात थ्रेशर सुरू झाला. तरुण मुलांना तेच आवडतं. पण त्याच तबकडीत कार्सची दोन गाणी आहेत. कार्स हे ग्युम्रीच्या पलीकडचं, जुनं आर्मेनियन वस्तीचं शहर, आता तुर्कस्तानात. मध्ये नदी आहे, आणि १९९३ पासून सरहद्द बंद. आमच्या गावचं गाणं, पण गाव पलीकडे. ती ऐकताना थ्रेशर विसरायला होतो.

मला सगळ्यात जवळची वाटते ती २०११ ची, 'अ फेबल'. म्हणजे बोधकथा. त्यात तो एकटा आहे आणि पियानो आहे, बस. त्यातलं 'काकाविक' हे कोमितासांचं. काकाविक म्हणजे छोटं तितर. होव्हान्नेस तुमान्यान या कवीचे मुलांसाठीचे शब्द, कोमितासांची चाल. आर्मेनियातल्या लहान मुलांना ते येतं. तिग्रान ते आधी साधं वाजवतो, पोरीनं म्हणावं तसं. मग एकेक पदर उलगडत नेतो, आणि शेवटी परत साध्यावर येतो. या तबकडीला फ्रान्सचा जॅझचा मोठा पुरस्कार मिळाला.

आणि २०१५. संहाराला शंभर वर्षं झाली ते साल. तिग्रानने येरेवानच्या सरकारी गायकवृंदाला घेतलं, पाचव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंतची आर्मेनियन स्तोत्रं घेतली, कोमितासांचीही त्यात, आणि 'लुईस इ लुसो' नावाचा कार्यक्रम बांधला. अर्थ, प्रकाशातून प्रकाश. शंभर चर्चमध्ये शंभर कार्यक्रम करायचे असं ठरवून तो देशोदेशी निघाला, तुर्कस्तानातही गेला. तिथं कोमितासांना उचलून नेलं त्या इस्तंबूलमध्येही हे सूर वाजले. भाषण नाही, घोषणा नाही. गायकवृंद ठरलेलं स्तोत्र म्हणतो आणि हा त्याच्या भोवती पियानोवर त्या त्या दिवशी सुचेल ते वाजवतो. त्यामुळे एका चर्चमधलं दुसऱ्यासारखं नाही.

काही जाणकार म्हणतात की स्तोत्रात आणि लोकगीतात जॅझ मिसळलं म्हणजे त्याचं सोवळं गेलं. हा वाद कोमितासांच्या वेळी होता, आज आहे, आपल्याकडेही आहे. माझं मत विचाराल तर, हारिचच्या मुलींच्या फेरात ओळ वळवणारी मुलगी जे करत होती तेच तिग्रान करतो. फेर आता मोठा झाला आहे इतकंच. मात्र एक अट आहे. मूळ ओळ कुणीतरी नीट जपलेली असली पाहिजे, नाहीतर वळवणार काय? कोमितासांनी बैलाची हाकसुद्धा गाळली नव्हती, म्हणून याला मोडतोड करायची मुभा आहे.

आपल्या बाजूचा एक धागा सांगायचा राहिला. बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू तुम्हाला ठाऊक असतील. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू, मुंबईत वाढलेले, तबल्यापासून ड्रमपर्यंत सगळं वाजवणारे. त्यांनी आणि तिग्रानने मिळून मैफली केल्या आहेत. त्रिलोकजी वाजवता वाजवता तोंडानं बोल म्हणतात, धा तिरकिट धा. तिग्रानही तोंडानं ठेका धरतो. दोघांची भाषा वेगळी, पण मोजायचं दोघंही तोंडानंच शिकलेले. सासूबाईंना त्यातला एक तुकडा ऐकवला तर म्हणाल्या, "भांडतायत जणू. पण कुणी रुसत नाही."

अलीकडे, २०२४ मध्ये, तिग्रानने 'हजारान ब्लबुल' या आर्मेनियन लोककथेवर मोठी रचना केली. ही कथा तिथल्या आज्या वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगतात. राजाची बाग असते. सगळं असतं, पण बाग फुलत नाही. हजार आवाजांचा एक पक्षी आहे, तो येऊन गायला तर फुलेल, असं कळतं. तिघं राजपुत्र निघतात, थोरले दोघे वाटेत अडकतात, धाकटा जातो आणि आणतो. ऐकल्या ऐकल्या आमच्या गटातली एक जण म्हणाली, "हे तर आपल्याच गोष्टीसारखं, धाकटाच नेहमी जातो." खरं आहे. ब्लबुल हा शब्दसुद्धा आपल्या बुलबुलच्या घरातलाच.

सासूबाईंच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण पुढच्या गुरुवारी लावणार आहे. जात्याची घरघर त्यात मुद्दाम ठेवली आहे, आणि मध्येच त्यांनी नातवाला "उंबऱ्यावर बसू नको" म्हणून दिलेली हाकही तशीच आहे. आमचे तंत्रज्ञ ती कापायला निघाले होते, मी त्यांना थांबवलं. ज्यांच्या घरी जातं आहे त्यांनी दिवस कळवा, यंत्र घेऊन आम्ही येऊ.

आता 'काकाविक' लावते. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल.